स्वाक्षरी, संख्या आणि सत्कार्य

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानाचा मजकूर)



काही चित्रांच्या खाली, कागदाच्या कोऱ्या पट्टीवर, पेन्सिलीने लिहिलेल्या दोन गोष्टी आढळतात. उजव्या बाजूस चित्रकाराची स्वाक्षरी असते आणि डाव्या बाजूस अपूर्णांकासारखी दिसणारी एक संख्या असते, उदाहरणार्थ, ४१२/८५०. सामान्य प्रेक्षकाची दृष्टी त्या पट्टीपर्यंत सहसा पोहोचत नाही. संग्राहकाची दृष्टी मात्र प्रथम तेथेच जाते. वरचा आकडा त्या प्रतीचा क्रमांक सांगतो व खालचा आकडा एकूण प्रती किती काढल्या ते सांगतो. साडेआठशे प्रती झाल्यावर छपाई थांबली आणि पुढे विक्रीसाठी एकही प्रत निघणार नाही, असे त्या चित्रकाराने स्वहस्ते लिहून दिलेले असते.

अशी स्वाक्षरीयुक्त, मर्यादित आवृत्तीची मुद्राचित्रे जमविण्याचा छंद पाश्चात्त्य देशांत बराच जुना आहे. त्यातही एक वर्ग विशेष लक्ष देण्याजोगा आहे. एखाद्या लोकोपकारी कार्यासाठीच चित्रकार अशी आवृत्ती काढतो, आणि विक्रीतून आलेले द्रव्य त्या कार्यास अर्पण होते. चित्र घेणाऱ्याच्या घरी येते आणि पैसा सत्कार्यास जातो. हा व्यवहार दान म्हणावा की खरेदी, दिलेल्या द्रव्याचे पुढे काय होते, आणि देणाऱ्याचे नाव कोठे राहते, हे प्रश्न त्यातून आपोआप उभे राहतात. ज्या संस्थेने पन्नास वर्षे लोकांचे द्रव्य विश्वासाने सांभाळले तिच्या सभेत या प्रश्नांचा विचार अप्रस्तुत ठरू नये.

मर्यादेचे मोल

मुद्राचित्र ही वस्तू महाराष्ट्रास अपरिचित नाही. राजा रविवर्मा यांचा छापखाना १८९४ मध्ये मुंबईत सुरू झाला व पुढे लोणावळ्याजवळील मळवली येथे गेला. तेथे छापलेली लक्ष्मी आणि सरस्वती यांची चित्रे घरोघरी पोहोचली. काही घरांत त्यांच्या वस्त्रांवर जर व टिकल्याही लावल्या गेल्या. त्या चित्रांचे सामर्थ्य त्यांच्या अमर्याद संख्येत होते. मागणी असेल तितक्या प्रती काढावयाच्या आणि माफक किमतीत विकावयाच्या, हा त्या व्यवसायाचा नियम होता, आणि त्यामुळेच सामान्य माणसाच्या भिंतीवर चित्र आले.

मर्यादित आवृत्तीचा नियम नेमका याच्या उलट आहे. येथे चित्रकार आरंभीच एक आकडा ठरवितो आणि मागणी कितीही वाढली तरी त्या आकड्यापाशी थांबतो. ज्या पत्र्यावरून वा दगडावरून छाप घेतला जातो त्यावर काम संपल्यावर आडवी रेघ ओढून तो निकामी करण्याची प्रथा आहे. पेन्सिलीने स्वाक्षरी करण्याची चाल एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात व्हिसलरसारख्या चित्रकारांमुळे रूढ झाली. पेन्सिलच का, याचे उत्तर व्यावहारिक आहे. शिसे कागदावर फुटत नाही, उन्हाने विटत नाही, आणि भिंगाखाली धरले असता छापलेल्या स्वाक्षरीपासून ते सहज वेगळे ओळखू येते. ब्रिटनमधील चित्रविक्रेत्यांच्या संघाने तर आवृत्तीची नोंद ठेवून कागदावर शाईविना उठावाचा शिक्का मारण्याची पद्धत घालून दिली. कापडाच्या ताग्याच्या टोकाशी असलेला गिरणीचा शिक्का पाहिल्याखेरीज जाणता व्यापारी माल उचलीत नाही. त्याच जातीची ही खूण आहे.

येथे एक भेद स्पष्ट केला पाहिजे, कारण तो न कळल्यामुळे अनेक संग्राहक फसतात. तांब्याच्या पत्र्यावर आम्लाने रेषा कोरून, दगडावर तेलकट खडूने रेखाटून किंवा ताणलेल्या रेशमी जाळीतून रंग दाबून चित्रकार स्वतः जे चित्र घडवितो ते मूळ मुद्राचित्र होय. त्या चित्राचे छापाबाहेर दुसरे अस्तित्वच नसते. याउलट, रंगवून पूर्ण केलेल्या तैलचित्राचे छायाचित्र घेऊन यंत्रावर त्याच्या प्रती काढल्या व त्यांवर चित्रकाराने सही केली, तर ती स्वाक्षरीयुक्त प्रतिकृती होय. दोहोंवर सही असते, दोहोंवर क्रमांक असतो, पण दोहोंची बाजारातील योग्यता एक नव्हे. प्रतिकृती घेण्यात काही कमीपणा नाही. मात्र ती प्रतिकृती आहे हे जाणून घ्यावी. याशिवाय आवृत्तीबाहेरच्या थोड्या ‘कलाकार-प्रती’ चित्रकार स्वतःसाठी ठेवतो. त्यांची संख्या अल्प आणि जाहीर असणे हे सचोटीचे लक्षण मानले जाते.

सत्कार्यासाठी चित्रे

संकटकाळी चित्रकाराने आपली कला छापाच्या रूपाने लोकांपुढे ठेवावी, ही परंपरा विसाव्या शतकात विशेष बळावली. १९२१ मध्ये रशियात दुष्काळाने थैमान घातले तेव्हा जर्मन चित्रकर्ती केटे कोलविट्झ यांनी रशियाच्या मदतीचे आवाहन करणारे शिलामुद्रित भित्तिचित्र काढले. १९३७ मध्ये स्पेनमधील यादवी युद्धाच्या वेळी झोआन मिरो यांनी स्पेनला साहाय्य करा असे सांगणारे चित्र काढले. एक फ्रँक किमतीचे तिकीट म्हणून त्याची मूळ कल्पना होती. त्याच वर्षी पिकासो यांनी जनरल फ्रँकोची विटंबना करणारी अठरा छोटी दृश्ये दोन पत्र्यांवर कोरली. आधी ती पोस्टकार्डे म्हणून विकावयाची होती, पुढे त्यांचा संच निघाला आणि त्याचे उत्पन्न स्पेनच्या प्रजासत्ताकाच्या साहाय्यार्थ योजले गेले. १९७० मध्ये अमेरिकेत पहिला वसुंधरा दिन साजरा झाला, तेव्हा रॉबर्ट राउशेनबर्ग यांनी मधोमध गरुड असलेले भित्तिचित्र एका पर्यावरण संस्थेसाठी केले. त्याच्या थोड्या प्रती स्वाक्षरीच्या होत्या आणि हजारो प्रती साध्या.

या प्रयत्नांतील धोरण ध्यानात घेण्यासारखे आहे. चित्रकाराचे मूळ चित्र एकच असते आणि ते एकाच धनिकाच्या घरी जाते. मुद्राचित्र मात्र शेकडो मध्यमवर्गीयांच्या घरी जाऊ शकते. एका दात्याऐवजी शेकडो दाते उभे राहतात, आणि त्या प्रत्येकाच्या भिंतीवर त्या कार्याची आठवण रोज डोळ्यांसमोर राहते.

या मार्गाचे सर्वांत बोलके उदाहरण मात्र एका इंग्रज चित्रकाराचे आहे, आणि त्याचा धागा थेट भारताच्या अरण्यांपर्यंत, किंबहुना विदर्भातील मेळघाटापर्यंत येऊन पोहोचतो.

डेव्हिड शेफर्ड

डेव्हिड शेफर्ड यांचा जन्म १९३१ मध्ये इंग्लंडमध्ये झाला. शाळा संपताच हा तरुण वनरक्षक होण्याच्या ओढीने केनियात गेला. नैरोबीच्या कार्यालयात त्यास स्पष्ट सांगण्यात आले की येथे तुमची गरज नाही. परतीच्या प्रवासासही पैसे नव्हते. समुद्रकाठच्या एका हॉटेलात आठवड्यास एक पौंड वेतनावर तो स्वागतकक्षात काम करू लागला. फावल्या वेळात त्याने पक्ष्यांची सात चित्रे काढली, प्रत्येकी दहा पौंडांस विकली आणि त्या पैशांतून बोटीचे तिकीट काढून तो मायदेशी आला. तेथे लंडनच्या विख्यात स्लेड कलाशाळेने त्यास प्रवेश नाकारला. बसचालक व्हावे की चित्रकार, अशा विवंचनेत असता रॉबिन गुडविन नावाच्या व्यावसायिक चित्रकाराने त्याला हाताशी धरले व तीन वर्षे शिकविले.

पुढे शेफर्ड विमानांची चित्रे काढून उदरनिर्वाह करू लागले. १९६० मध्ये ब्रिटिश हवाई दलाने त्यांना पूर्व आफ्रिकेत नेले. तेथील अधिकाऱ्यांनी विमानांऐवजी स्थानिक वन्यप्राण्यांचे चित्र मागितले आणि शेफर्ड यांनी गेंडा रंगविला. ज्या केनियाने वनरक्षक म्हणून त्यांना परत पाठविले होते त्याच भूमीत त्यांच्या वन्यजीवचित्रांचा आरंभ झाला.

त्याच प्रवासात त्यांना एक पाणवठा दिसला. चोरट्या शिकाऱ्यांनी त्याचे पाणी विषारी केले होते आणि भोवताली २५५ झेब्रे मरून पडले होते. त्या दिवसापासून आपण वन्यजीवांचे रक्षणकर्ते झालो, असे शेफर्ड पुढे आयुष्यभर सांगत राहिले. हत्तींच्या आणि वाघांच्या चित्रांनी त्यांना कीर्ती दिली, पैसा दिला, इंग्लंडमध्ये घर दिले. त्या प्राण्यांचे ऋण फेडणे हे आपले कर्तव्य आहे अशी त्यांची धारणा होती. ऋणाची ही भावना त्यांच्या दानामागील खरी प्रेरणा आहे. उपकारकर्त्याच्या उंचीवरून त्यांनी प्राण्यांना काही दिले नाही. ज्यांच्या रूपावर आपला प्रपंच चालला त्यांचे देणे त्यांनी चुकते केले.

प्रथम त्यांनी मूळ चित्रांचा मार्ग चोखाळला. झांबियात चोरट्या शिकारीस आळा घालण्यासाठी हेलिकॉप्टर हवे होते, म्हणून त्यांनी आपली पाच चित्रे अमेरिकेत लिलावात काढून ते मिळवून दिले. कृतज्ञता म्हणून राष्ट्राध्यक्ष केनेथ कौंडा यांनी या वाफेच्या इंजिनांच्या वेड्या माणसास १८९६ सालचे एक जुने रेल्वे इंजिन भेट दिले. पण मूळ चित्रे किती काढणार? पाच चित्रांना पाच गिऱ्हाइके मिळतात. पुढचे पाऊल मुद्राचित्राचे होते.

साडेआठशे प्रती

भारतातील वाघाची अवस्था त्या सुमारास दयनीय होती. १९६९ मध्ये दिल्लीत भरलेल्या आंतरराष्ट्रीय निसर्ग संरक्षण संघाच्या अधिवेशनात वाघ नष्ट होण्याच्या मार्गावर आहे, अशी चिंता व्यक्त झाली. १९७० मध्ये वाघाच्या शिकारीवर बंदी आली. १९७२ मध्ये वन्यजीव संरक्षण कायदा झाला, आणि त्याच वर्षीच्या गणनेत देशभरात केवळ १,८२७ वाघ मोजले गेले. जागतिक वन्यजीव निधीचे गाय माउंटफोर्ट यांनी पंतप्रधान इंदिरा गांधी यांची भेट घेतली आणि निधीने ‘ऑपरेशन टायगर’ या नावाने दहा लाख डॉलर उभारण्याचा संकल्प सोडला. डॉ. करणसिंह यांच्या अध्यक्षतेखाली कृतिदलाने योजना आखली, आणि १ एप्रिल १९७३ रोजी कॉर्बेट उद्यानात व्याघ्रप्रकल्पाचे उद्घाटन झाले. कैलास सांखला त्याचे पहिले संचालक झाले. आरंभी जी नऊ अरण्ये निवडली गेली त्यांत महाराष्ट्रातील मेळघाट होते.

याच १९७३ साली शेफर्ड यांनी ‘टायगर फायर’ हे वाघाचे चित्र रंगविले व त्याची ८५० प्रतींची स्वाक्षरीयुक्त आवृत्ती काढली. तिच्यातून १,२७,५०० पौंड उभे राहिले आणि ते व्याघ्रप्रकल्पासाठी देण्यात आले.

व्यापाऱ्याच्या सवयीने हा आकडा प्रतींच्या संख्येने भागून पाहावा. १,२७,५०० भागिले ८५० म्हणजे बरोबर १५० पौंड. एक पेनी इकडे नाही की तिकडे नाही. त्या काळी एका पौंडास सुमारे एकोणीस रुपये पडत. म्हणजे प्रत्येक प्रतीमागे सुमारे अठ्ठावीसशे रुपये, आणि एकूण चोवीस लाखांहून अधिक रुपये. त्या वर्षीच्या भावाने एका प्रतीच्या वाट्याचे सुमारे दहा तोळे सोने आले असते. साडेआठशे अनोळखी माणसांनी, ज्यांतील बहुतेकांनी रानातला वाघ कधी पाहिला नसेल आणि पाहण्याची आशाही नसेल, सातासमुद्रापलीकडील एका प्राण्यासाठी एवढे द्रव्य दिले. मोबदल्यात त्यांस एक कागद मिळाला.

शेफर्ड यांनी हा मार्ग पुढेही सोडला नाही. १९८४ मध्ये त्यांनी आपल्या नावाने वन्यजीव प्रतिष्ठान स्थापन केले. २०१७ मध्ये, वयाच्या शहाऐंशीव्या वर्षी त्यांचे निधन झाले. त्यांचे प्रतिष्ठान त्यांच्यामागेही कार्य करीत राहिले.

पैशानंतरचा हिशेब

कथा येथे संपविली तर ती गोड होईल, पण पूर्ण होणार नाही. दान दिल्यावर दात्याचे काम संपते, असे मानणाऱ्यांनी वाघांचे पुढचे आकडे अवश्य पाहावेत. पहिल्या दशकात व्याघ्रप्रकल्पाची मोठी वाहवा झाली. नव्वदीच्या दशकात कातडी आणि हाडे यांच्या चोरट्या व्यापाराने अरण्ये पोखरली. २००५ मध्ये राजस्थानातील सरिस्का या व्याघ्रप्रकल्पात एकही वाघ उरला नसल्याचे उघड झाले. कागदोपत्री मात्र तेथे तोवर वाघ नांदत होते. त्यानंतर पाऊलठशांवरून मोजण्याची जुनी पद्धत टाकून स्वयंचलित कॅमेऱ्यांच्या आधारे शास्त्रीय अंदाज सुरू झाला. २००६ च्या अंदाजात देशातील वाघ १,४११ भरले. पद्धत बदलल्यामुळे १९७२ च्या आकड्याशी याची सरळ तुलना करता येत नाही, तथापि बोध स्पष्ट होता. द्रव्य आले, अरण्ये राखीव झाली, कायदा झाला. पण वर्षानुवर्षे आकडे कोणी तपासले नाहीत. तपासणी सुरू झाल्यावर स्थिती सुधारली. २०२२ च्या गणनेत वाघांचा अंदाज ३,६८२ वर गेला, आणि त्यांतील ४४४ महाराष्ट्रातले होते.

या जमाखर्चात आणखी एक रक्कम लिहिली पाहिजे, जी कोणत्याही पावतीवर येत नाही. अरण्य वाघासाठी मोकळे करावयाचे म्हणजे कोणालातरी तेथून उठावे लागते. मेळघाटातील काही गावे अरण्याबाहेर वसविली गेली. त्यांतील बहुसंख्य लोक कोरकू आदिवासी होते. लंडनमधील ग्राहकाने वाघासाठी १५० पौंड दिले. कोरकू कुटुंबाने आपले घर, देवस्थान आणि पिढ्यान्‌पिढ्यांची वाट दिली. प्राणिमात्रावरील दया ही मोठी गोष्ट खरीच, पण त्या दयेचे मूल्य कोणाच्या खात्यावर पडते हे पाहण्याची जबाबदारी दयावंतांवर अधिक असते.

दान की खरेदी?

आता मूळ प्रश्नाकडे वळणे योग्य होईल. पैसे देऊन वस्तू घेतली तर ते दान कसे?

कायद्याच्या दृष्टीने उत्तर सरळ आहे. ज्याच्या बदल्यात मोलाची वस्तू मिळाली ती खरेदी होय. सत्कार्यासाठी चित्र घेतले म्हणून त्याच्या पूर्ण किमतीस देणगीची करसवलत मिळेल, अशा समजुतीत कोणी राहू नये. संस्थांनीही वस्तूच्या विक्रीस देणगीची पावती फाडण्याचा मोह टाळावा, नाही तर सत्कार्य राहते बाजूला आणि लेखापरीक्षकाचा शेरा तेवढा पदरी पडतो.

बाजाराचे उत्तर याहून कठोर आहे. सत्तर व ऐंशीच्या दशकांत वन्यजीवांच्या स्वाक्षरीयुक्त प्रतिकृतींचे भाव चढते होते, आणि पुष्कळांनी त्या गुंतवणूक म्हणून घेतल्या. पुढे आवृत्त्या वाढल्या, हजारहजारांच्या झाल्या, आवडीनिवडी बदलल्या आणि भाव कोसळले. आज अशा अनेक प्रती लिलावात निघतात तेव्हा, महागाई जमेस धरता, मूळ किमतीचा अल्पसा अंशही परत मिळत नाही. आणखी असे की, दुसऱ्या विक्रीत त्या सत्कार्याचा काही भाग नसतो. पहिल्या खरेदीचे पैसे वाघास गेले. दुसऱ्या खरेदीचे पैसे मागील मालकास आणि लिलावदारास जातात. ‘हे चित्र वाघांसाठी आहे’ असे सांगून जुनी प्रत कोणी विकू लागला तर त्याने सांगितलेली गोष्ट पन्नास वर्षांपूर्वी खरी होती, आज नाही, हे लक्षात घ्यावे. अपवाद एकच. जुन्या प्रतीचा मालक ती पुन्हा एखाद्या संस्थेस अर्पण करतो आणि संस्था ती विकते, तेव्हा तोच कागद दुसऱ्यांदा कामास येतो.

मग संग्राहकाने ही चित्रे का घ्यावीत? ज्याने भाव चढेल म्हणून घेतले त्याचा व्यवहार तोट्यात गेला. ज्याने चित्र आवडले म्हणून आणि कार्य पटले म्हणून घेतले त्याचे देणे ज्या दिवशी पैसे पोहोचले त्याच दिवशी पुरे झाले. पुढे कागदाचा भाव शून्य झाला तरी त्या देण्यातून एक रुपयाही वजा होत नाही. भिंतीवरील चित्र ही झालेल्या देण्याची पावती आहे, आणि पावतीला बाजारभाव नसतो.

संग्राहकांस काही सूचना

ज्यांस या छंदाची ओढ वाटेल त्यांनी चार गोष्टी पाळाव्यात.

पहिली गोष्ट, किमतीतील कितवा हिस्सा कार्यास जातो हे लेखी विचारावे. ‘उत्पन्नाचा काही भाग’ या शब्दांत शेकडा नव्वदही मावतात आणि शेकडा दोनही मावतात. ‘निव्वळ नफ्यातून’ असे लिहिले असेल तर खर्च कोण मांडणार हेही विचारावे. जी संस्था एकूण रक्कम, प्रतींची संख्या आणि पोहोच केलेली रक्कम हे तिन्ही आकडे जाहीर करते तीच विश्वासास पात्र समजावी.

दुसरी गोष्ट, चित्र मूळ मुद्राचित्र आहे की स्वाक्षरीयुक्त प्रतिकृती, कोणत्या वर्षीचे, किती प्रतींचे, हे प्रमाणपत्रावर पाहावे आणि ते प्रमाणपत्र व बिल चित्राबरोबरच जपावे. पुढील पिढीस चित्रामागची हकिकत माहीत नसते. कागदपत्र नसेल तर वारसांच्या हाती नुसते वाघाचे चित्र उरते.

तिसरी गोष्ट तसबिरीची. चौकट लहान पडते म्हणून कारागीर कडेची कोरी पट्टी कात्रीने उडवून टाकतो, आणि तिच्याबरोबर स्वाक्षरी व क्रमांक दोन्ही केराच्या टोपलीत जातात. असे प्रसंग विरळा नाहीत. तेव्हा पट्टी कापू नये, चित्र डिंकाने पुठ्ठ्यावर चिकटवू नये, त्यावर प्लॅस्टिकचे आवरण चढवू नये. मागे आम्लविरहित पुठ्ठा घालावा, कारण साध्या पुठ्ठ्याचे व प्लायवूडचे आम्ल कागदात उतरून तो तपकिरी होतो. काच कागदास टेकणार नाही इतके अंतर राखावे.

चौथी गोष्ट हवेची. कोकण आणि मुंबईच्या पावसाळी दमटपणात कागदास बुरशीचे ठिपके धरतात आणि कसर लागते. रेशमी वस्त्रे जो सांभाळू जाणतो त्यास हे वेगळे शिकवावे लागत नाही. बाहेरच्या ओल धरणाऱ्या भिंतीवर चित्र लावू नये, थेट उन्हात ठेवू नये, आणि पावसाळा सरल्यावर एकदा उतरवून मागची बाजू तपासावी. ठिपके दिसले तर ओल्या फडक्याने पुसू नये. ते काम जाणकाराचे आहे.

नाव आणि क्रमांक

अखेरीस पुन्हा त्या कोऱ्या पट्टीकडे पाहू या. तिच्यावर नाव कोणाचे आहे? चित्रकाराचे. ज्याने १५० पौंड दिले त्याचे नाव तेथे नाही. त्याचा आहे तो केवळ क्रमांक. ४१२ क्रमांकाची प्रत घेणारा कोण होता, शिक्षक होता की डॉक्टर, दुकानदार होता की निवृत्त सैनिक, हे ते चित्र पाहणाऱ्या कोणासही कळत नाही. गुप्तदान करणाऱ्याचा मोठेपणा सर्वांस साधत नाही, आणि संगमरवरी पाटीवर नाव कोरून घेण्याची इच्छा सर्वांस आवरत नाही. या दोहोंच्या मधली एक वाट या लहानशा आकड्यात आहे. दाता मोजला जातो, पण त्याचे नाव मिरविले जात नाही. साडेआठशेंपैकी आपण एक आहोत, कमी नाही आणि अधिकही नाही, एवढेच त्यास ठाऊक असते.

संस्थांच्या आयुष्यातही असेच घडते. पन्नास वर्षांत पाट्यांवर काही नावे चढतात आणि ती आदराने वाचली जातात. पण संस्था ज्यांच्यावर उभी राहते ते बहुसंख्य दाते पावतीपुस्तकाच्या दुसऱ्या प्रतींत, केवळ अनुक्रमांकाच्या रूपाने उरलेले असतात. त्यांतील प्रत्येक क्रमांकाचा पैसा कोठे गेला हे सांगता येणे, हा त्या निनावी दात्यांचा खरा सन्मान होय.

चित्रकार पेन्सिलीने आवृत्तीचा आकडा लिहितो तेव्हा तो दोन वचने देतो. या संख्येपलीकडे जाणार नाही, हे पहिले. आणि या संख्येचा हिशेब लागेल, हे दुसरे. शेफर्ड यांनी साडेआठशेंवर थांबून दोन्ही वचने पाळली, आणि म्हणूनच पन्नास वर्षांनंतर, हजारो मैलांवर बसलेल्या कोणासही साधा भागाकार करून ती पडताळून पाहता येतात.